कोल्बेनचं अक्षर

२ ऑक्टोबर, गुरुवार

आले बाई एकदाची सेल्विकला. बसमध्ये मी आणि ड्रायव्हर दोघंच. घाट उतरेपर्यंत त्याने मला मेंढ्यांच्या भावापासून स्वतःच्या घटस्फोटापर्यंत सगळं ऐकवलं. गाव आल्यावर म्हणाला, जागा छान आहे, पण नोव्हेंबरात सूर्य डोंगरामागे जातो तो जानेवारी संपता संपता तोंड दाखवतो, आणि बर्फ पडला की घाट बंद. तेव्हा तोवर कुणाशी भांडू नकोस, पळून जायला वाट नसते. मी म्हटलं, मी उत्तरेकडच्या अकुरेरीची पोर आहे, काळोख आणि बर्फ मला नको शिकवूस. तो हसला आणि माझी बॅग थेट दारापर्यंत आणून दिली.

घर पेत्रीनाचं आहे. लाल पत्र्याचं, दोन मजली, बंदराच्या अगदी वर. पेत्रीना सत्तरीची, बुटकी, आणि हातात विणायच्या सुया नसतील तर तिला चैन पडत नाही. तिने दारातच माझे बूट काढायला लावले, मग वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, शाळेने मास्तरीण मागवली होती, ही तर काठी पाठवली. लगेच पुढ्यात मासे-बटाट्यांचा गरम लगदा, काळा पाव आणि बोटभर जाडीचं लोणी. मी काठी आहे खरी, पण जेवते बैलासारखी, हे तिला आवडलेलं दिसलं.

माझी खोली वरची. ती तिच्या मुलाची, कोल्बेनची. त्याची बोट काही वर्षांपूर्वी गेली ती परत आलीच नाही. मिळालंही काही नाही. कब्रस्तानात दगड आहे, त्यावर नाव आहे, खाली कुणी नाही, असं तिने पाव कापता कापता सांगितलं. भिंतीवर त्याचा फोटो आहे: केशरी रेनकोट, पाणी गळणारे मोठे बूट, आणि सगळे दात दाखवून हसणं. खिडकीच्या चौकटीवर त्याने लहानपणी चाकूने ‘कोल्ली’ कोरलंय. खिडकीतून समोरच शाळा आणि तिला लागून दवाखाना दिसतो, म्हणजे मला उठल्यावर पाच मिनिटांत कामावर जाता येईल. मी तर खूश आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

आज कपाट लावताना गंमत झाली. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने मुलींची नावं लिहिली आहेत. बारीक, डावीकडे कललेली, एकात एक घुसलेली अक्षरं. सगळ्यात वर मार्सिबिल, आणि त्यावर काट. मार्सिबिल म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मी पेत्रीनाला दाखवलं तर ती इतकी हसली की सुया खाली पडल्या. मग बराच वेळ त्या अक्षरांवर बोट ठेवून उभी राहिली. मी हळूच खाली गेले आणि कॉफी केली.

कॉफी प्यायल्यावर तिने माझा कप डोक्याभोवती फिरवला आणि वाळायला हीटरवर पालथा घातला. माझी आजीही असंच तळाच्या कॉफीच्या डागांत भविष्य बघायची. पेत्रीनाने आत डोकावून सांगितलं की एक पुरुष दिसतो. मी म्हटलं, देव करो आणि त्याला नोकरी असो. तिच्या आजीला दिसायचं म्हणे, खरोखरच. बुडालेली माणसं दारात येऊन तिला आपला पत्ता सांगायची, आणि आसपासच्या सगळ्या खाड्यांतून लोक विचारायला यायचे. मी हसले नाही. आमच्याकडे असल्या गोष्टींना कुणी हसत नाही, आणि विश्वास ठेवतो असंही कुणी कबूल करत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेत मस्त चाललंय. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंनी पोरांना भलतीच शिस्त लावून ठेवली होती, ती मी आठवड्याभरात बिघडवली, असं मार्सिबिल म्हणाली. ते कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही. तिशी-पस्तिशीची बाई आहे, उंच, बोलायला फटकळ. मला एकूण आवडली.

सर्दी-ताप आहे चार दिवस. डोकं मागून दुखतं. गावात अर्धे लोक खोकतायत, त्यातलंच असेल. पेत्रीनाने कोल्बेनचा लोकरी स्वेटर काढून दिला. गुडघ्यापर्यंत येतो मला.

२० ऑक्टोबर, सोमवार

झोप उडाली आहे, पण थकवा मुळीच नाही. काल सगळी पुस्तकं पुठ्ठे घालून लावली, भांडी घासली, पेत्रीनाचा जिना पुसला, आणि तरी अंगात वारं भरल्यासारखं. पेत्रीना म्हणते, पोरी, एका जागी बस, नाहीतर पत्र्याला भोक पाडून वर जाशील.

एक विचित्र झालं. वर्गात फळ्यावर ‘ज्वालामुखी’ लिहायचं होतं आणि तो शब्दच नाहीसा झाला. खडू हातात, पोरं बघतायत, आणि मला तो कशाचा धडा तेच आठवेना. पोरांना वाटलं मी कोडं घालतेय. त्यांनीच शब्द सांगितला आणि मी शाबास म्हणून वेळ मारून नेली.

आणि डिझेलचा वास. बोटीच्या इंजिनाचा असतो तसा. पेत्रीनाला येत नाही. मला उशीलासुद्धा येतो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आज जेवताना मी बोलून गेले. बोलायचं ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, दाराजवळच्या बोळात कुणीतरी ओले बूट घालून उभं आहे, त्याला आत बोलव ना, पाणी गळतंय. पेत्रीनाचा चमचा हातातच राहिला. मी वळून पाहिलं तर बोळात कुणी नव्हतं. पण मी पाहिलं होतं. केशरी रंग दिसला होता मला.

तिने मला काही विचारलं नाही. फक्त ताटलीतला आपला मासा माझ्या ताटात घातला, आणि तिचे डोळे भरून आलेले होते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आता ती विचारते. रोज संध्याकाळी कप पालथा घालते, शेजारी बसते आणि विचारते, आहे का तो. कधी असतो. खुर्चीत बसतो, माझाच स्वेटर घालून, म्हणजे त्याचाच. तोंड उघडतो आणि आतून पाणी येतं. मी घाबरून भिंतीला चिकटते आणि पेत्रीना माझा हात धरून म्हणते, घाबरू नको गं पोरी, तो काही करणार नाही, मनाचा फार मऊ होता. मी काल ‘कोल्ली’ म्हटलं तेव्हा ती रडायलाच लागली. हे नाव तुला कुणी सांगितलं, म्हणाली. मलाही आठवेना कुणी सांगितलं.

मार्सिबिलही येऊन गेली, कपाळावरचा बर्फ पुसत, काही कामच नाही असं दाखवत. शेवटी विचारलंच की तो तिच्याबद्दल काही म्हणतो का. मी म्हटलं, तुझ्या नावावर काट आहे. ती पांढरीफटक पडली. गावातले लोक दुकानात मला वाट करून देतात आता, पैसेही घेत नाहीत.

माझं डोकं दुखतं हे कुणी विचारत नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टर फ्लोसी एका गुरुवाराआड येतो, घाटापलीकडून. मी मधल्या सुट्टीत दवाखान्यात गेले, म्हटलं झोपेची गोळी दे. तो जाडजूड, दाढीवाला, घाईतला माणूस. पण मी बोलायला लागले तसा त्याने घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं. माझं तोंड सारखं वेडंवाकडं होतंय, जीभ आपोआप बाहेर येते, हे मला त्याने आरसा दाखवल्यावर कळलं. त्याने मला दहापासून उलटे आकडे म्हणायला लावले. मी सातवर अडकले. आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवणारी मी.

मग त्याने नीट समजावलं. शरीरात राखणदार असतात, रोगजंतूंना हाकलणारे. कधी कधी ते चुकतात आणि घरच्याच माणसांवर धावून जातात. मेंदूवर गेले तर मेंदूला सूज येते. मग झोप उडते, शब्द जातात, नसलेली माणसं दिसतात, असलेल्यांचा संशय येतो. बघणाऱ्याला वाटतं पोरीला वेड लागलं. तो म्हणाला, हे वेड नाही, सूज आहे, आणि सुजेला औषध आहे. तरुण बायकांना होतं, कधी पोटात एखादी गाठ असते तिच्यामुळे होतं. खात्री करायला पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासावं लागेल, ते राजधानीत, रेक्याविकलाच. वेळेवर उपचार झाले तर वसंतात तू परत फळ्यासमोर उभी असशील. मी विचारलं, आणि नाही झाले तर. त्याने माझ्याकडे बघत सरळ सांगितलं की आधी वाचा जाते, मग हातपाय अडकतात, मग श्वास.

तो म्हणाला, स्वाला, आत्ताच माझ्या गाडीत बस. मी म्हटलं, उद्या पोरांची चाचणी आहे, घर आवरायचंय, सोमवारी जाते. वादावादी झाली. शेवटी ठरलं, सोमवारी तो रुग्णवाहिका पाठवणार. बाबांना फोन केला, ते नॉर्वेत समुद्रातल्या तेलविहिरीवर आहेत, लागला नाही. आई असती तर कान धरून गाडीत बसवलं असतं तिने.

पेत्रीनाला सगळं सांगितलं. तिने हातातली ओळ विणून संपवली. मग म्हणाली, माझ्या आजीलाही नेलं होतं त्यांनी. औषधं दिली. बरी होऊन आली, पण नंतर तिला कधी काही दिसलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

फ्लोसी दोन आहेत. मला तपासणारा वेगळा होता, दाढी चिकटवलेली होती, मी जवळून पाहिलं. खऱ्याला त्यांनी घाटात ठेवलंय. पाठीतून पाणी काढायचं म्हणतो. कशाला हवंय त्याला माझं पाणी. कोल्बेनच्या तोंडातून येतं तेच ते.

फोन माझं बोलणं कुठेतरी पोचवतो. धक्क्यावर जाऊन समुद्रात टाकला. आता शांत वाटतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी आली. मी मागच्या मासे वाळवायच्या शेडमध्ये लपले, टांगलेल्या माशांच्या मागे. फटीतून सगळं दिसत होतं. दोन माणसं. पेत्रीना दारात उभी. मला वाटलं आता ही बोट दाखवणार. तिने शेडकडे पाहिलं. मला बघितलंही. मग त्यांना सांगितलं की पोरगी काल मासळीच्या ट्रकमधून गेली, दक्षिणेला आत्याकडे, तिथूनच इस्पितळात जाणार म्हणाली.

गेले ते. मी तिच्या गळ्यात पडून रडले. या जगात एवढी एकच बाई माझी आहे.

मला आत्या नाही.

७ नोव्हेंबर

शाळेत जात नाही. पेत्रीनाने सांगितलंय मी तापाने पडले आहे. मार्सिबिल खालूनच केक ठेवून जाते. परवा मी अनवाणी बर्फात गेले होते म्हणे. मला आठवत नाही. तेव्हापासून पेत्रीना बाहेरून कडी लावते. तू पडशील गं, हाडं मोडशील, म्हणते.

उजवा हात माझा वाटत नाही. लिहिताना मी बघत असते तो काय लिहितो ते.

१० नोव्हेंबर

आज पेत्रीनाने ही वही माझ्या हातातून घेतली. रागावून नाही. ती पान उजेडाकडे धरून बघत राहिली. मग मला उठवून कपाटापाशी नेलं, दार उघडलं आणि वही त्या नावांच्या शेजारी धरली.

बारीक. डावीकडे कललेलं. एकात एक घुसलेलं.

ती म्हणाली, हे तुझं अक्षर नाही. तू आलीस तेव्हा तुझं गोल, मोठं होतं, मास्तरणीचं. हे माझ्या पोराचं आहे.

तिने पानाचा मुका घेतला. मी पहिली पानं उलटून पाहिली. खरंच की. वेगळ्याच माणसाची वाटतात.

११ नोव्हेंबर

तो पलंगाखाली श्वास घेतो. मी थांबले की थांबतो —

कॉफीत काहीतरी —

नाही. कॉफी नव्हे. माझ्या —

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डोकं स्वच्छ आहे. का ते माहीत नाही. ताप उतरला असेल. किती वेळ टिकेल तेही माहीत नाही, म्हणून भराभर लिहिते.

खोलीत कुणी नाही. डिझेलचा वास नाही. बोळातले ओले बूट म्हणजे भिंतीवरच्या फोटोतले बूट. ‘कोल्ली’ मला कुणीच सांगितलं नाही, खिडकीवर कोरलंय, मी रोज वाचत होते. अक्षर बिघडलंय कारण माझा हात बिघडलाय. फ्लोसी एकच आहे आणि तो खरं बोलला. मला मेंदूची सूज आहे. मी गाडी घालवली. फोन मी बुडवला. काल त्याचा गुरुवार होता, पण घाट वादळाने बंद, तो आलाच नाही. आता एकदम सत्तावीस तारखेला.

पेत्रीनाला बोलायला गेले तर जीभ जड. अर्धे शब्द निघाले. तिने डोकं मांडीवर घेतलं आणि केस विंचरले. तिचं माझ्यावर प्रेम आहे, हे खरं आहे, आणि तेच भयंकर आहे. मी बरी झाले तर तिचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल, एवढंच तिला कळतं.

सूर्य आज डोंगरामागे गेला. खालून कुणीतरी दार वाजवून तिला सांगून गेलं, दरवर्षी सांगतात तसं.

स्वाला, हे वाचशील तेव्हा तुला पटणार नाही. तरी ऐक. हे तूच लिहिलंयस. डॉक्टर येईल तेव्हा लपू नकोस. ओरड, काच फोड, काय हवं ते कर, पण त्याच्याबरोबर जा. बाकी कुणाचं ऐकू नकोस.

१६ नोव्हेंबर

वरचं पान कुणी लिहिलं.

अक्षर त्याचं. मी नाही लिहिलं. मला डॉक्टरकडे न्यायला बघतोय. काच फोड म्हणतो. काच फोडली की समुद्र आत येईल. त्यालाही तेच हवंय, घर भरायला हवंय —

पान फाडत होते. हात फाडू देईना.

१९ नोव्हेंबर

आवाज गेला. तोंड उघडतं, जीभ फिरते, बाहेर काही नाही. पेत्रीना चमच्याने भरवते. आधी ओठ पुसते, मग विचारते, कोल्ली, तुला थंडी वाजते का रे.

मला विचारत नाही ती. माझ्या आत बघून विचारते.

२१

हात वर केला. वरच राहिला. मी खाली आण म्हणते, येत नाही. तिने येऊन हळूच खाली ठेवला, पांघरूण घातलं —

२३

पुन्हा जरा उजेड. डोक्यात. चौदा तारखेचं पान वाचलं. मीच लिहिलंय. मीच.

पेत्रीनाने कॅलेंडरची जुनी पानं दिली आहेत, त्यांच्या पाठीवर तिला उत्तरं लिहायला. ही वही गादीखाली. आज तिला सरळ लिहून दिलं: मी स्वाला. मी आजारी आहे. इथे दुसरं कुणी नाही. फ्लोसीला बोलव.

तिने वाचलं. समजुतीने हसली. म्हणाली, आजी सांगायची, बुडालेल्यांना सुरुवातीला कळत नाही ते कुणाच्या तोंडून बोलतायत. ते त्या माणसाचंच नाव सांगतात. होईल हळूहळू ओळख.

खाली मी पुन्हा लिहिलं. मी स्वाला. मी स्वाला. मी स्वाला.

तिने पान घडी करून पोलक्यात ठेवलं. बाकीच्यांसारखं. सगळी तिथेच ठेवते ती. मी काहीही लिहिलं तरी ते त्याचंच. या घरात मी काही म्हणूच शकत नाही आता.

२५

मार्सिबिल वर आली होती. पहिल्यांदाच. दारात थांबली. मी तिच्याकडे बघून डोळे मिटले, उघडले, मिटले, उघडले. हाताने इशारा करायला गेले तर तो वर जाऊन अडकला. तिला वाटलं तो हात करतोय. रडत रडत तिनेही हात केला, आणि खाली पळाली.

श्वास मधेच थांबतो. मग आठवण करून घ्यावा लागतो.

विचार केला. स्वालाचं ती ऐकत नाही. त्याचं ऐकेल.

२७, गुरुवार

आलाय. लाल जीप, दवाखान्यासमोर, दिव्याखाली. बर्फ काढायचं यंत्र शेजारी उभं. वादळ येतंय. पेत्रीना म्हणाली तो लवकर निघणार, यंत्र पुढे, जीप मागे. मग घाट बंद. किती दिवस कुणास ठाऊक. माझ्याकडे तेवढे नाहीत.

काच वाजवायला गेले. हात वर. वरच. दातांत ओठ चावला गेला, रक्त आलं, आवाज नाही.

मग लिहिलं. कॅलेंडरवर. अक्षर मुद्दाम करावं लागलं नाही.

आई, ही पोरगी मरतेय. मला दिसतंय. रस्ता ओलांड आणि डॉक्टरला आण.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. कंगवा हातातच. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे नाही. माझ्या गालाला हात लावला. म्हणाली, किती गं सुकलीस. मला वाटलं सुटले.

मग खुर्ची ओढून जवळ आली. माझ्या डोळ्यांत बघत, हळूच, लहान पोराला विचारावं तसं विचारलं —

ही गेली तर तूही जाशील का रे?

मी हात हलवायच्या आत उठली. म्हणाली, घाई नको करूस बाळा, विचार करून लिही. मी कॉफी आणते. तू थांबणार असलास तर मी लगेच जाते डॉक्टरकडे. कोट घालूनच येते.

वाईट आहे. मेलेल्या पोराच्या नावाने खोटं. बरी झाले की तिच्या पाया पडेन. आधी इथे लिहून बघते. हात अडकतो. श्वास —

आई, मी

पिवळा दिवा फिरायला लागला. यंत्र चालू झालं.

आई मी कुठे

नाही. पुन्हा. थांबतो असं. एवढंच. थांबतो —

हात वर जातोय. डाव्याने धरलाय.

जिन्यावर पाऊल. कप वाजतायत. दोन.

आई, मी इथेच था